पाण्याचे विरजण

नमस्कार मित्रांनो. उदगीरच्या एका किराणा दुकानदाराच्या घरात, बैठकीच्या खोलीत, मी राहते. मी काचेची पेटी. माझ्या कडा आता पिवळ्या पडल्या आहेत, एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे आणि मागच्या काचेवर बोअरच्या पाण्याचा पांढरा डाग आहे. तो कितीही पुसला तरी जात नाही. एवढ्यावरून माझे वय तुम्ही ओळखले असेलच. स्वभावाने मी जरा कुरकुरी आहे, तेवढे सांभाळून घ्या. जिला पोटातले काहीच लपवता येत नाही, तिने निदान कुरकुर तरी करावी की नाही?

माझा जन्म नांदेडचा. एका कारागिराने हिरकणीने काचा कापल्या, सांध्यांत चिकट सिलिकॉन भरले आणि मला सावलीत वाळवले. मग माझ्याखाली जुने वर्तमानपत्र पसरून त्याने मला काठोकाठ पाण्याने भरले. सकाळी त्याने कागदावरून हात फिरवला. कागद कोरडा होता. "पक्की झाली," एवढेच तो म्हणाला. ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी, आणि पुढे बरीच वर्षे तीच शेवटचीही होती.

कारण माझी पहिली नोकरी काही मला मानवली नाही. एका दातांच्या दवाखान्यात, बाहेर बसणाऱ्यांचे मन रमावे म्हणून मला ठेवले. सकाळी माझ्यात नळाचे पाणी भरले, तळाशी निळे-लाल खडे टाकले, प्लॅस्टिकचे एक झाड खोचले आणि दुपारी लगेच सोनेरी मासे सोडले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! थोड्याच दिवसांत ते मासे उलटे तरंगू लागले. मग मला घासून, पुसून, लख्ख करून नवे मासे आणले. तेही गेले. मग आणखी नवे. शेवटी तिथला कंपाउंडर सगळ्यांसमोर म्हणाला, "ही पेटीच पनवती हाय." मित्रांनो, एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर पडली की ती खरी वाटू लागते. मलाही वाटू लागली. आपल्या पोटात जीव जगत नाही, याचे दुःख मी कुणाला सांगणार होते?

पुढे दवाखान्याने नवे सामान घेतले आणि जुन्या कपाटांबरोबर मी टेम्पोतून उदगीरला आले. किराणा दुकानदार सिद्धलिंगअप्पांनी मला दुकानात चुरमुरे भरून ठेवले. खोटे कशाला सांगू, मी सुखात होते. चुरमुरे मरत नाहीत, एवढे समाधान मला पुरेसे होते. पण दुकानात प्लॅस्टिकच्या बरण्या आल्या आणि माझी रवानगी गच्चीवर झाली. तिथे सिद्धलिंगअप्पांची आई लक्ष्मम्मा मला उन्हाळ्यात कुरडयांवर पालथी घाली. कावळ्यांपासून राखण करायची, हे माझे काम. पालथ्या घड्याचे दुःख मला तेव्हा कळले.

एके दिवशी कुरडया काढायला सिद्धलिंगअप्पांची लेक शिवकन्या गच्चीवर आली. ती सहावीत होती. तिने कुरडया बाजूला ठेवल्या, मला सुलटे केले, ओढणीच्या टोकाने माझी काच पुसली आणि आरपार बघत बसली. तिच्या शाळेत विज्ञान शिकवणारे महांतेश सर होते. त्यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीशी एक छोटी पेटी मांडली होती. त्यात हिरवी झाडे होती, झाडांत मासे होते. ती पेटी पाहिल्यापासून या मुलीला दुसरे काही सुचत नव्हते.

ती मला घेऊन खाली आली आणि घरात वादळ उठले. त्याचे कारण तुम्हाला सांगायला हवे. हे घर लिंगायतांचे. घरात अंडेसुद्धा कधी आले नव्हते. लक्ष्मम्मा रोज पहाटे आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, देवघरात पाटावर बसे आणि तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करी. तिच्यापुढे मासे हा शब्द काढायचा म्हणजे काय!

"मासे? ह्या घरात? बेडा, बेडा!" लक्ष्मम्मा, म्हणजे शिवकन्येची अज्जी, कडाडली. तिचे माहेर बिदरकडचे. राग आला की तिच्या तोंडी कानडी येई आणि 'बेडा' म्हणजे 'नको' हे घरात सगळ्यांना पाठ होते.

"अज्जी, खायला न्हाई गं, बघायला."

"खायला आण न्हाईतर बघायला आण, मेला म्हंजी जीव गेलाच की. गळ्यात लिंग हाय माझ्या."

सिद्धलिंगअप्पा मध्ये पडले. "अव्वा, पोरगी लई दिवसापासून मागून राहिली. अभ्यासाचंच हाय ते बी."

अज्जीने पदर खोचला. मग नातीकडे बघून म्हणाली, "आण. पण जगवायचं असंल तरच आण. एक जरी मासा मेला, तर त्याच दिवशी पेटी गच्चीवर. परत खाली येणार न्हाई. कबूल?"

"कबूल," शिवकन्या म्हणाली.

मला धडकी भरली. कबूल म्हणणारी ती होती, पण पनवती तर मी होते.

बैठकीच्या खोलीत, ऊन थेट पडणार नाही अशा भिंतीशी, एका मजबूत टेबलावर मला ठेवले. पण तिथून नेमके समोर देवघर दिसे. अज्जीने आपल्या जुन्या इरकली लुगड्याचा तुकडा दोरीला अडकवून मधे पडदा केला. "देवाला दिसू नये, मला बी दिसू नये," ती म्हणाली. मला वाईट वाटले.

पहिली फजिती सिद्धलिंगअप्पांनी केली. झाडे लावायची म्हटल्यावर त्यांनी शेतातून घमेलेभर काळी माती आणली. "काळ्या रानात काय उगवत न्हाई?" असे म्हणत त्यांनी ती माझ्यात ओतली आणि वर पाणी सोडले. माती फुगली, वर आली आणि माझ्या पोटात काढा तयार झाला. तो निवळेचना. महांतेश सर बघायला आले तेव्हा हसू दाबत म्हणाले, "सिद्धलिंगअप्पा, कापसाची सोय केली तुम्ही. माशांची न्हाई." मग ती माती निघाली, मी धुतली गेले आणि नदीची जाड वाळू स्वच्छ पाणी येईपर्यंत खळखळून धुऊन माझ्या तळाशी पसरली.

सरांनी झाडे दिली. रिबिनीसारखी लांब पाने असलेली काही वाळूत रोवली. एक जाड पानांचे झाड मात्र वाळूत पुरायचे नव्हते. शिवकन्येने ते दोऱ्याने दगडाला बांधले. वर दिवा लागला. कोपऱ्यात स्पंज लावलेली नळी बसली आणि तिच्यातून बुडबुडे निघू लागले. शेवटी सरांनी दिलेली एक काळपट, बुळबुळीत वस्तू शिवकन्येने पिशवीतून काढली. त्यांच्या पेटीतल्या जुन्या स्पंजचा तो तुकडा होता.

पडद्याआडून अज्जीचा आवाज आला. "काय करलालीस गं? कसली घाण टाकलालीस?"

"अज्जी, घाण न्हाई ही. ह्याच्यात डोळ्याला न दिसणारे जीव असतेत. माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतंय. ते विष हे जीव खाऊन टाकतेत. सर म्हणले, हे जीव सगळ्या पेटीत वाढू दे, मग मासे सोड."

अज्जी पडदा सारून पुढे आली. तिने तो तुकडा लांबूनच निरखला.

"म्हंजी विरजण म्हण की!" ती म्हणाली. "मग सरळ सांग ना तसं. दह्याला रात लागती, पाण्याला जास्ती लागंल."

त्या दिवसापासून घरात स्पंजचे नाव विरजण पडले.

मग वाट बघणे सुरू झाले. रोज चिमूटभर खाऊ पाण्यात पडे आणि खायला कुणीच नसे. तो कुजला की त्यावर ते न दिसणारे जीव वाढतात, हे शेजाऱ्यांना कोण समजावणार? "सिद्धलिंगअप्पा, ही माशाची पेटी हाय का गवताची?" असे गिऱ्हाइके विचारून जात. त्यातच झाडांची जुनी पाने सडून गळाली. शिवकन्या रडकुंडीला आली. पण बुडख्यातून नवे, पोपटी कोंब वर निघाले, आणि कुठूनशी एक इवली गोगलगाय माझ्या काचेवर फिरू लागली. पाण्याची तपासणी करायची एक बाटली सरांनी आणून दिली होती. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की रंग बदले. हिरवा म्हणजे विष, पिवळा म्हणजे ठीक. आधी कितीतरी दिवस हिरवाच येत राहिला. मग फिकट झाला. मग एका सकाळी स्वच्छ पिवळा आला आणि पोरीने घर डोक्यावर घेतले.

मित्रांनो, त्या सकाळी मला एक गोष्ट कळली. नांदेडात माझ्यात मासे जगले नाहीत, कारण मला कुणी तयार व्हायला वेळच दिला नव्हता. मी पनवती नव्हते. हे कळायला मला एवढी वर्षे लागली. त्या आनंदात माझ्या काचेवर आतून बुडबुडे जमले होते, ते पुसायची मला मुळीच घाई नव्हती.

आधी थोडेच मासे आले. पट्ट्यापट्ट्यांचे, चपळ झेब्रा मासे. त्यांची पिशवी थोडा वेळ माझ्या पाण्यावर तरंगत ठेवली, मग त्यांना हळूच सोडले. ते रुळल्यावर गप्पी आले. उदगीरच्या बोअरचे पाणी जड. त्यात डाळ शिजत नाही आणि केसांचा झाडू होतो, अशी शिवकन्येच्या आईची, आरतीची, रोजची तक्रार. पण गप्पींना तेच पाणी मानवले. त्यांतल्या पिवळ्या शेपटीच्या एका मादीचे पोट फुगू लागले, तेव्हा अज्जीचा पडदा रोज थोडा थोडा सरकू लागला.

"बाळंतपण जवळ आलंय तिचं," अज्जी म्हणाली. "कुणी काच वाजवू नका."

तिने त्या मादीचे नाव गौरव्वा ठेवले. गौरव्वा व्याली, रिबिनीच्या पानांत नुसते डोळेच दिसतील एवढी इवली पिल्ले लपली आणि अज्जी दुपारची झोप सोडून माझ्यासमोर खुर्ची टाकून बसू लागली. पूजेच्या वेळी मात्र पडदा ओढलेला असे. देव वेगळा, मासे वेगळे, हे तिने काही सोडले नव्हते.

पिल्ले वाढली. शिवकन्येच्या वर्गातली सिंधू मागच्या गल्लीत राहायची. तिनेही अंगणात कूलरच्या जुन्या टपात झाडे लावली. शिवकन्येने तिला काही पिल्ले दिली आणि आमच्या स्पंजचा अर्धा तुकडा कापून दिला. "दे की, विरजणाला न्हाई म्हणू नये," अज्जीनेच सांगितले. पण ती स्वतः सिंधूच्या घरी कधी गेली नव्हती. सिंधूची आई धुरपताबाई रविवारी मासळी शिजवायची. त्या घरचे पाणीसुद्धा अज्जी पीत नसे. पुढे महांतेश सरांची जळकोटला बदली झाली. जाताना ते माझ्यापाशी आले आणि काचेवर बोट टेकवून गेले.

मग आली घटस्थापना. आमच्याकडे त्याआधी दसरा काढतात. म्हणजे घरातले सगळे बाहेर काढून धुवायचे. वाकळी, भांडी, डबे, खाट, फळ्या, काहीही सुटत नाही. आरती गच्चीवर वाकळी तुडवत होती, सिद्धलिंगअप्पा दुकानात होते, शिवकन्या शाळेत गेली होती. त्या दिवशी नळही आला होता. अज्जीने माझ्याकडे बघितले. माझ्या काचेवर हिरवा थर होता, वाळूत काळपट गाळ होता, स्पंज तर काळाकुट्ट झाला होता.

"सगळं घर लख्ख झालं," ती माझ्याशीच बोलली, "आन् मुक्या लेकरांचंच घर तेवढं घाण कामून ठेवायचं?"

तिने मासे हळुवारपणे स्टीलच्या पातेल्यात काढले. मग कंबर बांधून मला धुण्याच्या पावडरीने घासले. वाळू घमेल्यात घालून चोळली. स्पंज पिळून, उकळत्या पाण्यात टाकून, उन्हात वाळत घातला. नळाचे ताजे पाणी माझ्यात भरले, झाडे पुन्हा रोवली आणि मासे परत सोडले. त्या पाण्याला जंतू मारायच्या औषधाचा वास होता. मला तोंड असते तर मी ओरडले असते. पण माझ्यावर एवढ्या मायेने आजवर कुणी हात फिरवला नव्हता, हेही खरे. ती माया आणि ती भीती मी एकाच वेळी सोसत होते.

शिवकन्या शाळेतून आली तेव्हा मासे वरवर येऊन तोंडे उघडमीट करत होते.

"बघ, कसं चकाचक केलंय," अज्जी कौतुकाने म्हणाली.

शिवकन्येने दप्तर खाली टाकले. "अज्जी, स्पंज कुठंय?"

"उकळून काढला. गच्चीवर वाळलालाय."

पोर मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि ती एवढेच म्हणाली, "अज्जी, विरजणाचं भांडं घासून टाकलंस गं."

अज्जीला आणखी काही समजावून सांगावे लागले नाही. तिचा चेहरा उतरला. तिने माझ्याकडे पाहिले, वर आलेल्या गौरव्वाकडे पाहिले आणि काचेला धरून उभी राहिली. गच्चीची अट तिनेच घातली होती. ती आता कुणावर येऊन पडणार, हे आम्हा तिघींनाही कळत होते.

पण अज्जी अशी हरणारी बाई नव्हती. "ऊठ," ती नातीला म्हणाली. "विरजण बिघडलं म्हून कुणाच्या घरचं दही बंद पडतंय का? शेजारून मागून आणायचं. चल सिंधूच्या घरी."

"तू येणार? तिथं?"

"माझ्या हातनं झालंय. मागायला मीच जायचं."

पुढचे मी पाहिले नाही, शिवकन्येने नंतर आईला सांगितले तेव्हा ऐकले. अज्जी दुखऱ्या गुडघ्याने मागच्या गल्लीत गेली. दिवेलागण झाली होती. धुरपताबाई लगबगीने उंबऱ्यात आली.

"या की अज्जी. आज आमच्या दारात कसं काय?"

"विरजण पाहिजे होतं."

धुरपताबाई अवघडली. "तिन्हीसांजेला विरजण देत न्हाईत अज्जी. बरकत जाती म्हणतेत."

"दह्याचं न्हाई, बाई. माशाच्या पाण्याचं. माझ्या पोरीचे मासे मरून राहिलेत."

धुरपताबाई उंबऱ्यातून बाजूला झाली. मग म्हणाली, "ते तर तुमच्याच घरचं हाय. तुमचं तुम्हाला न्यायला कसली तिन्हीसांज?"

सिंधूने टपातला काळा स्पंज अर्धा कापून, न धुता, डब्यात ठेवला. टप आधीच पिल्लांनी भरलेला, त्यामुळे आमचे मासे तिकडे हलवणे जमणारे नव्हते. मग धुरपताबाईने टपातले निम्मे जुने पाणी बादलीत काढले आणि अज्जीच्या गुडघ्यांकडे बघून बादली स्वतःच उचलली.

ती बादली घेऊन आमच्या घरात आली तेव्हा अज्जीनेच दार पुरते उघडले. माझ्यातले नळाचे पाणी पुष्कळसे काढले. टपातले जुने पाणी आत आले, टाकीतले बोअरचे आले, काळा स्पंज नळीला बसला. बुडबुडे सुरू झाले. "आरती, धुरपताला चहा टाक," अज्जी म्हणाली, आणि स्वतःही तिच्याजवळ बसून प्याली. मी पुष्कळ पाहिले आहे, पण हे पाहायला मिळेल असे मला वाटले नव्हते.

सकाळी झेब्रे पळत होते. पिल्ले पानांत होती. गौरव्वा मात्र तळाशी, दगडाजवळ, आडवी पडली होती.

अज्जीने तिला सर्वांत आधी पाहिले. तिने स्वतःच्या हाताने तिला बाहेर काढले आणि अंगणातल्या बेलाच्या बुंध्याशी पुरले. परत आली तेव्हा शिवकन्या माझ्याजवळ उभी होती. रात्रीच्या रडण्याने तिचे डोळे सुजले होते, तरी तिने शब्द मोडला नाही.

"अज्जी, अप्पांना सांगते पेटी गच्चीवर न्यायला."

मला गच्चीवरच्या उन्हाची, कुरडयांची आणि कावळ्यांची आठवण झाली. पोटात मासे असताना वर जायचे नाही, एवढेच मला वाटत होते. त्यांचे काय होणार?

अज्जी देवघरात गेली. आतून पाट सरकल्याचा आवाज आला. तो पाट दोन्ही हातांनी धरून ती बाहेर आली, आणि माझ्यासमोर ठेवून तिने दोरीवरचा इरकली पडदा ओढून काढला.

"पोरीनं मारलं असतं तर पेटी गेली असती," ती म्हणाली. "मारलं मी. मग पेटीनं कामून जावं? इथून पुढं माझी पूजा हिच्यासमोर. जे उरलेत ते जगतेत का न्हाई, ते रोज माझ्या डोळ्यानं बघीन."

त्या पहाटेपासून ती माझ्यासमोरच बसते. तळहातावर लिंग, कपाळाला विभूती, आणि माझ्या पाण्यात गौरव्वाची नातवंडे.

मित्रांनो, मला मोठे उपदेश जमत नाहीत. तुमच्या घरी अशी पेटी आली, तर आधी झाडे लावा, मग वाट बघा, मासे शेवटी आणा. पाणी बदलाल तेव्हा थोडेसेच बदला, थोडे जुने राहू द्या. आणि तुमच्याकडचे विरजण कुणाला तरी देऊन ठेवा. तुमचे बिघडेल त्या दिवशी तेच तुमच्या दारी परत येईल.

यंदाही आमच्याकडे दसरा काढला. डबे, वाकळी, खाट, सगळे धुतले. आरती ओला फडका घेऊन माझ्याकडे वळली, तेव्हा पाटावर बसलेल्या अज्जीने डोळे न उघडताच सांगितले, "तिला हात लावू नगंस. तिच्या पोटात विरजण हाय."